निम्मा हिस्सा

बिराजदार सरांच्या ऑफिसात पंखा फिरतो,
वारा मात्र त्यांच्या फायलींनाच लागतो.
नवी पेठ, दुसरा मजला, जुलैची अठ्ठावीस.
आपण दोघं एका बाकावर,
रिसेप्शनच्या खुर्चीत बसलो होतो तसे:
पाठ ताठ, हात कुठं ठेवायचे ते न कळून.

रिफंड मी मनात आधीच खर्चून टाकला होता.
मागच्या गॅलरीला जाळी,
टाकीला नवा फ्लोट,
उरलेच तर तुझ्या आईच्या दाढेचं बघू.

दरवर्षी यायचा की!
सात रस्त्याच्या खोलीचं भाडं भरायचे मी,
मालकीणबाई पावती द्यायच्या मार्च उलटल्यावर,
वहीचं पान फाडून.
तोवर कॉलेजनं कर कापलेला असायचा.
मग श्रावणात कधीतरी मोबाइल वाजायचा,
सहा हजार दोनशे, सात हजार चारशे.
वाटायचं, दिल्लीत कुणीतरी आपलं आहे.
तुलाही यायचा. बघायला आलास तेव्हा
चहा निवायच्या आत सांगून टाकलंस,
"माझं कुणाचं काही देणं नाही."

सर चष्मा कपाळावर सरकवतात.
"घर आता स्वतःचं. भाडं नाही, मग भाड्याची सूट कुठली?
आहेराचे पैसे एफडीत टाकलेत. आहेराला कर नाही,
व्याजाला आहे.
आणि हे बघा."
दोन फॉर्म सोळा शेजारी शेजारी ठेवतात,
पत्रिका जुळवताना ठेवतात तसे.

गृहकर्जाचं व्याज, एक लाख ऐंशी हजार.
तुझ्या कागदावर एक लाख ऐंशी हजार.
माझ्या कागदावर एक लाख ऐंशी हजार.

"घर एकच ना? व्याज एकच ना?
खरेदीखतात निम्मे निम्मे.
मग नव्वद ह्यांचे, नव्वद तुमचे.
दोघांनी अख्खं कसं काय लावलं?"

तू माझ्याकडं बघतोस.
मी कॅलेंडरवरच्या सिद्धेश्वराकडं.

डिसेंबरातली दुपार होती ती.
स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवून
मी तो फॉर्म भरला.
तू कुठल्या तरी डीपीवर असशील,
तुला कुठली सवड कागदांची,
चला, घराचं आपणच बघू.
आणि तू होटगी रोडच्या सबस्टेशनात,
ग्रीसच्या बोटांनी, त्याच आठवड्यात,
तिला पेपर तपासायचेत, नको तिला त्रास.
विचारलं कुणीच नाही कुणाला.
आठ महिन्यांच्या संसारात
वरणात हिंग किती, हे विचारत होतो रोज.

"ऑफिसांनी विश्वास ठेवला, कर कमी कापला.
अठरा हजार सातशे वीस ह्यांचे,
तुमचेही तेवढेच.
एफडीचं आणि उशिराचं वेगळं. एकतीसच्या आत भरा."
सर चहा मागवतात.
त्यांच्याकडं अशी जोडपी येत असणार,
कारण कपात साखर जास्तच होती.

जिन्यात तू म्हणालास, "जाळीचं राहू दे."
मी म्हणाले, "फ्लोटचं पण."
दाढेचं कुणीच काही बोललं नाही.

जुळे सोलापुरात पोचलो तर आई दारात,
"एमैंदी?"
"काही नाही आई. घर दोघांचं निघालं."
त्यांना वाटलं, चेष्टा करतोय.

आज पाचवा दिवस, पाण्याचा.
अडीचला नळ खोकला.
मी उठले, अंधारात चाचपत मोटारीचं बटण दाबलं
आणि बादली घ्यायला वळले.
मागनं अनवाणी तू आलास,
मी झोपलेय असं समजून
तेच बटण पुन्हा दाबलंस.

मोटार गप्प.
खाली पाणी वाहतंय, वर टाकी ठणठणीत,
आणि आपण दोघं बटणापाशी,
एकमेकांना म्हणतोय,
"अगं, मी लावली होती की."
"मी पण."